कोतवाल-बुकापासून संगणकापर्यंत

राज्यांच्या इतिहासांत लढायांच्या तिथि चटकन सांपडतात. परंतु त्याच राज्यांत त्याच सालीं किती मुलें देवीनें दगावलीं, किती बाया बाळंतपणांत गेल्या, हें शोधूं गेल्यास हातीं फारसें कांहीं लागत नाहीं. लढाई लिहून ठेवणारा बखरकार होता. तापानें मेलेल्या विणकराची बखर कोणी लिहिली नाहीं. त्याची बखर म्हणजे सरकारी नोंदवहींतील एक ओळ. ह्या एका ओळीचा इतिहास सोलापूर शहर व जिल्हा ह्यांच्या आधारें सांगावा, आणि सार्वजनिक आरोग्याची सुधारणा इतकी मंद कां चालते, ह्या प्रश्नाचा त्याच्या आधारें विचार करावा, असा ह्या लेखाचा हेतु आहे.

ह्या विचारास निमित्त झालें तें असें. २०२० च्या एप्रिल महिन्यांत कोविडचा पहिला रुग्ण सोलापुरांत आढळला. त्यानंतर रोज आंकडे प्रसिद्ध होत, आणि लोक त्या आंकड्यांवरून आपलें भय मोजीत. जूनच्या उत्तरार्धांत महानगरपालिकेनें जाहीर केलें कीं, आधींच होऊन गेलेले ४० मृत्यु हिशेबांत आलेले नव्हते. त्यांची माहिती वेळेवर कळविली गेली नव्हती. मृत्यु अरण्यांत झाले नव्हते. शहरांत झाले होते. शहरांत वैद्यकीय महाविद्यालय होतें, महानगरपालिका होती, बहुतेक घरांतून मोबाइल होता, आणि १८९७ चा साथरोगांचा कायदा त्याच वर्षाच्या मार्च महिन्यांत महाराष्ट्रांत लागू करण्यांत आलेला होता. इतकें सर्व असतां चाळीस माणसें गेल्याची वार्ता शहराला वेळेवर कळूं नये, ह्याचें कारण काय?

अशा वेळीं दोष एक तर यंत्राच्या अभावावर घातला जातो किंवा लोकांच्या अज्ञानावर. आमच्या मतें दोष तिसऱ्याच ठिकाणीं आहे. आपल्याकडील नोंद नेहमीं वर जाते, खालीं परत येत नाहीं. लिहिणाऱ्यास तिचा उपयोग नसतो आणि ज्याच्या नांवानें ती झाली त्याला तिचें फळ नसतें. दौत-टाकाच्या काळीं हें खरें होतें आणि संगणकाच्या काळींही बऱ्याच अंशीं खरें आहे.

ज्या देशांतून ही पद्धति आपल्याकडे आली त्या देशांतील तिचें मूळ प्रथम पाहूं. इंग्लंडांत जन्ममृत्यूंची सरकारी नोंद १८३७ सालीं सुरू झाली. दोन वर्षांनीं विल्यम फार हा डॉक्टर त्या कचेरींत आंकडे लावण्याच्या कामावर आला आणि त्यानें सुमारें चाळीस वर्षें तेथेंच घालविलीं. १८५४ सालीं लंडनच्या सोहो भागांत पटकी उसळली, तेव्हां जॉन स्नो ह्यानें त्या कचेरींतून मृतांची यादी पत्त्यांसह मिळविली आणि ती घेऊन तो घरोघर हिंडला. बहुतेक मृत्यु ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाच्या आसपास झाले होते. त्यानें हें स्थानिक मंडळास पटवून दिलें आणि पंपाचा दांडा काढण्यांत आला. साथ तेव्हां आपोआपच ओसरूं लागली होती, हें खरें. परंतु आमचा मुद्दा निराळा आहे. साथ उसळल्यापासून दांडा निघेपर्यंत सुमारें एक आठवडा लागला. तेवढ्या अवधींत मृत्यु नोंदला गेला, नोंद वाचली गेली, आणि वाचणारा ज्या गल्लींतून ती आली होती त्याच गल्लींत परत गेला. त्या काळीं तार नुकतीच आली होती आणि टंकलेखनयंत्र बाजारांत यावयाचें होतें.

आपल्याकडे ह्या विचाराचा प्रवेश लष्कराच्या दारानें झाला. १८५७ च्या धामधुमीनंतर गोऱ्या शिपायांची संख्या वाढविण्यांत आली, आणि ते शत्रूपेक्षां रोगानेंच अधिक मरतात असें दिसून आलें. त्यावर नेमलेल्या शाही कमिशनाचा अहवाल १८६३ सालीं निघाला, आणि पुढील वर्षीं इलाख्यांतून आरोग्याचीं सरकारी मंडळें स्थापन झालीं. छावणीचें आरोग्य सांभाळावयाचें तर छावणीभोंवतालच्या वस्तीचें आरोग्य पाहिलें पाहिजे, म्हणून हळूहळू रयतेच्या मरणाची मोजदाद सुरू झाली. जें रयतेसाठीं म्हणून सुरूच झालें नाहीं, तें रयतेला आपलें वाटावें ही अपेक्षा तरी कशी करावी?

गांवांत हें काम गांवकामगारांकडे आलें. कोणाचें जनन किंवा मरण झालें म्हणजे त्याची वर्दी द्यावयाची आणि ती वहींत चढवावयाची. ही वही म्हणजेच सरकारी भाषेंत गांव नमुना १४, आणि लोकांच्या तोंडीं कोतवाल-बुक. तींत मरणाच्या कारणाचा रकाना असे. हा रकाना भरणारा माणूस वैद्य नव्हता. त्याला पटकी ओळखतां येई, देवी ओळखतां येई, सर्पदंश ओळखतां येई. बाकी सर्व मरणें बहुधा ‘ताप’ ह्या एका शब्दाखालीं जात. क्षयी माणूस तापानें गेला, बाळंतीण तापानें गेली, हिवतापाचा रोगीही तापानेंच गेला. त्या काळच्या अहवालांतून निम्म्याहून अधिक मरणें ताप ह्या सदरांत दिसतात तीं ह्यामुळें. गांवांतून ही माहिती तालुक्यास, तालुक्यांतून जिल्ह्यास, आणि तेथून इलाख्याच्या कचेरींत जाई. मग तिचें इंग्रजी पुस्तक छापून निघे. तें पुस्तक ज्या गांवच्या मरणांवर रचलें गेलें त्या गांवांत त्याची प्रत कधीं आली नाहीं, आणि आली असती तरी ती कोणाला वाचतां आली नसती.

ह्या पद्धतीचें सामर्थ्य व दौर्बल्य दोन्ही एकत्र पाहावयाचीं असल्यास आपल्या जिल्ह्यांतील पंढरपुराकडे पाहावें. तेथें नगरपालिका १८५५ सालीं, म्हणजे सोलापुरानंतर अवघ्या तीन वर्षांनीं स्थापन झाली. आषाढीस लाखों वारकरी चंद्रभागेच्या वाळवंटांत उतरत आणि पटकी उसळली म्हणजे परतणाऱ्या दिंड्यांबरोबर ती गांवोगांव जाई. हें सरकारास ठाऊक होतें. मरणांचे आंकडे वर्षानुवर्षें तेंच सांगत होते. यात्रेकरूंकडून करही घेतला जात असे. परंतु पटकीचा खरा उपाय म्हणजे निर्मळ पाणी आणि मैल्याची व्यवस्था, आणि त्यास पैसा लागे. तो खर्च सरकारानें करावा, नगरपालिकेनें करावा, कीं यात्रेकरूंनीं सोसावा, ह्या वादांत दशकें गेलीं. कॉखनें १८८४ सालीं कलकत्त्यास तळ्याच्या पाण्यांत पटकीचे जंतु दाखविले, हाफकिननें लस काढली, यात्रेकरूंस टोंचण्याच्या मोहिमा झाल्या. तरी वाळवंटाचा प्रश्न प्रत्येक पिढीला नव्यानें सोडवावा लागला. अज्ञान हें येथें कारण नव्हतें. माहिती असूनही ती कोणावर बंधनकारक नव्हती, हें कारण होतें.

ह्याच्या उलट टोंकाचें उदाहरण प्लेगाचें. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईस प्लेग उघडकीस आला आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथरोगांचा कायदा झाला. प्लेग सोलापुरासही आला. शहरांतील पहिली गिरणी १८७७ सालीं निघाली होती. १९०१ च्या खानेसुमारींत शहराची वस्ती ७५,२८८ भरली. मागावर बसणारे आणि गिरणींत जाणारे लोक दाट पेठांतून राहत. अशा वस्तींत त्या कायद्यानें नोंदीला एकदम दांत फुटले. घरांत रोगी आहे अशी नोंद झाली कीं रोग्याला उचलून नेत, घरच्यांस छावणींत ठेवीत, सामान जाळीत. मग लोकांनीं जें केलें तें कोणीही केलें असतें: रोगी माळ्यावर लपविले आणि मृतांस रात्रींच पोंचविलें. पुण्यांत ह्या जुलुमाचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्रीं रँडवरील गोळींत झाला. आरोग्य-खात्याच्या वहीविषयीं जी धास्ती त्या वर्षांत आमच्या आजे-पणज्यांच्या मनांत बसली, ती पुढें तीन पिढ्या तरी निघाली नाहीं. आरोग्याचा माणूस दारांत आला कीं आमच्या लहानपणीं म्हाताऱ्या माणसांचा पहिला प्रश्न असे, ‘कुणाला न्यायला आलाय?’

तेव्हां पंढरपुरांत नोंद निष्फळ होती आणि प्लेगांत ती शिक्षा होती. ती उपकारक होऊं शकते, हें पाहावयास आणखी पाऊण शतक लागलें.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर एक मोठा प्रयत्न झाला, त्याचा उल्लेख केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. नाशिकास जन्मलेले सर जोसेफ भोर ह्यांच्या अध्यक्षतेखालीं १९४३ सालीं नेमलेल्या समितीनें १९४६ सालीं आपला अहवाल दिला. दर ४०,००० वस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावें, ही त्या अहवालांतील अल्प मुदतीची सूचना. दीर्घ मुदतीची योजना ह्याहून कितीतरी भव्य होती. पहिलीं केंद्रें १९५२ च्या सामुदायिक विकास योजनेबरोबर निघालीं. आज सपाट प्रदेशांत दर ३०,००० वस्तीस एक केंद्र हें प्रमाण मानलें जातें; म्हणजे भोर समितीची पहिली पायरी आपण कागदावर ओलांडली आहे, परंतु तिच्या पुढील जिन्याची आतां आठवणही कोणी काढीत नाहीं. सोलापुरांत वैद्यकीय महाविद्यालय १९६३ सालीं निघालें आणि १९६४ सालीं नगरपालिकेची महानगरपालिका झाली. जन्ममृत्यूंच्या नोंदीचा १८८६ चा कायदा ऐच्छिक स्वरूपाचा होता. नोंद सर्व देशभर सक्तीची करणारा कायदा १९६९ सालीं झाला. एका कायद्यापासून दुसऱ्यापर्यंत त्र्यायशीं वर्षें लागलीं! सुधारणेच्या मंदपणाचें ह्याहून स्पष्ट माप कोणतें द्यावें?

परंतु ह्याच सुमारास एक गोष्ट अशी घडली कीं, मंदपणा हा आपल्या नशिबींच लिहिलेला आहे असें म्हणणाऱ्यानें ती अवश्य आठवावी. देवीची लस मुंबईंत १८०२ सालीं आली होती. तरी दीडशें वर्षांनंतरही देवी जात नव्हत्या. मग १९७३ नंतरच्या दोन वर्षांत आरोग्य-सेवकांनीं घरोघर शोध घेतला. हातांत देवीच्या रोग्याचें चित्र, बाजारांत व शाळांत विचारपूस, आणि खबर देणाऱ्यास बक्षीस. खबर आली कीं पथक त्या गांवीं जाई आणि रोग्याभोंवतालच्या सर्व माणसांस लस टोंची. १९७५ च्या मे महिन्यांत देशांतील अखेरचा रोगी सांपडला आणि १९७७ सालीं भारत देवीमुक्त ठरला. ह्या कामांत संगणक नव्हता. वही होती, सायकल होती, जीप होती. फरक इतकाच कीं नोंद झाल्याबरोबर कांहीं तरी घडत असे, आणि तें नोंद देणाऱ्याच्या डोळ्यांदेखत घडत असे. वार्ता देणाऱ्यास शिक्षा नव्हती, बक्षीस होतें. प्लेगाच्या वेळच्या भूमिकेची ही बरोबर उलटी बाजू होय.

आतां यंत्राकडे वळूं. गेल्या पंधरा वर्षांत आरोग्य-खात्यांत संगणकाचा शिरकाव फार वेगानें झाला. क्षयरोग्यांची नोंद २०१२ पासून निक्षय नांवाच्या प्रणालींत होऊं लागली. कोविडच्या लसीकरणासाठीं जानेवारी २०२१ त कोविन आली आणि त्याच वर्षीं २१ ऑक्टोबरला लसीच्या मात्रांचा आंकडा शंभर कोटींवर गेला. ही कामगिरी सामान्य नव्हे. २७ सप्टेंबर २०२१ रोजीं आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा देशभर आरंभ झाला आणि प्रत्येकास चौदा अंकी आरोग्य-क्रमांक देण्याचें काम सुरू झालें. इतकें झाल्यावर नोंदवहीचा प्रश्न सुटला असें कोणासही वाटावें. परंतु २०२२ च्या जुलै महिन्यांत राज्यांतील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चालू असलेली संगणकीय नोंदप्रणाली बंद पडली आणि डॉक्टर पुन्हां कागदावर लिहूं लागले. यंत्र कंत्राटानें आलें होतें, कंत्राटाबरोबर गेलें. कोतवाल-बुकाच्या बाबतींत असें होणें शक्य नव्हतें. तें निदान गांवाच्या दप्तरांत तरी राहिलें.

आणि जेथें यंत्र चालू असतें तेथें काय होतें? अलीकडेच आमच्या घराजवळ राहणाऱ्या, विड्या वळून पोट भरणाऱ्या एका वृद्ध बाईंबरोबर शहरांतील एका रुग्णालयांत जाण्याचा प्रसंग आम्हांस आला. बाईंची मातृभाषा तेलुगु. त्यांचें नांव केसपेपरावर मराठींत एका प्रकारें, संगणकाच्या पडद्यावर रोमन लिपींत दुसऱ्या प्रकारें, आणि आधारकार्डावर तिसऱ्या प्रकारें होतें. आरोग्य-क्रमांक उघडावयास ओटीपी हवा होता; तो मुलाच्या मोबाइलवर गेला, आणि मुलगा भिवंडीस मागावर पाळींत होता. परिचारिकेनें सर्व माहिती आधीं वहींत आणि मग यंत्रांत अशी दोनदां लिहिली. एवढें होऊन आम्ही डॉक्टरांपुढें बसलों, तेव्हां त्यांच्यासमोर ना वही होती ना पडदा. त्यांनीं सर्व हकीकत पहिल्यापासून विचारली. बाई आमच्याकडे वळून म्हणाल्या, ‘मागच्या बारीला सगळं सांगितलं होतं की सर, आता परत काय सांगू?’ त्यांच्या ह्या प्रश्नाला आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. ह्यांत कारकुनाचा दोष नव्हता, परिचारिकेचा नव्हता, आणि दारांत शंभर माणसें ताटकळत असतां प्रत्येकास दोन मिनिटें देणाऱ्या डॉक्टरांचाही नव्हता. नोंद तिघांनीं केली, ती वर गेली. ज्याला तिची त्या क्षणीं गरज होती त्याच्याकडे ती आली नाहीं.

गांवांतून आशा सेविकांची स्थितिही ह्याहून निराळी नाहीं. त्या गरोदर स्त्रियांची, बालकांची, तापाच्या रोग्यांची माहिती दारोदार जाऊन आणतात. २०२३ सालीं महाराष्ट्रांत त्यांनीं संप केला, तेव्हां मानधनवाढीबरोबरच ऑनलाइन कामाची सक्ति नको हीही त्यांची मागणी होती. हा यंत्राचा द्वेष नव्हे. ज्या यंत्रांत माहिती घालावयाची, त्या यंत्रांतून आपल्या गांवाविषयीं एक अक्षरही परत मिळत नाहीं, असा ज्याचा अनुभव, त्याला तें यंत्र ओझेंच वाटणार. जुन्या गांवकामगारासही ती वही ओझेंच वाटत होती.

येथें एका विलक्षण योगायोगाचा उल्लेख करावासा वाटतो. २०२३ च्या सप्टेंबरांत निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे ह्यांची समिति नेमली गेली, आणि कुणबी नोंदी शोधण्यासाठीं कचेऱ्यांतील जुनीं दप्तरें उघडण्यांत आलीं. त्यांत हीं जन्ममृत्यूंचीं कोतवाल-बुकेंही होतीं. मोडी वाचणारे शोधून आणले गेले, पानांचीं छायाचित्रें घेतलीं गेलीं, आणि दशकानुदशकें कोणी हात न लावलेल्या वह्या कांहीं महिन्यांत यंत्रांत चढल्या. त्या मागणीच्या न्यायान्यायाचा विचार येथें कर्तव्य नाहीं. आम्हांस दिसतें तें इतकेंच कीं, त्या ओळीवर हक्क सांगणारा माणूस उभा राहिला, तेव्हां सरकारी काम एकाएकीं शीघ्रगति झालें. त्याच ओळींत शेजारच्या रकान्यांत ‘ताप’ असें लिहिलेलें होतें. तो रकाना वाचावयास मात्र कोणी आलें नाहीं.

कोणी म्हणेल कीं, हें सर्व खरें असलें तरी मूळ प्रश्न पैशाचा आहे. तें आम्ही नाकारीत नाहीं. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानें सरकारी आरोग्य-खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचें ठरविलें होतें, आणि तें गांठलें गेलें नाहीं. परंतु पैसा यंत्रावर खर्च होऊनही नोंद मुकीच राहते, हेंही आपण पाहिलें. दुसरा कोणी म्हणेल कीं, सर्वांचे रोग एका ठिकाणीं लिहिले जाणें हेंच धोक्याचें आहे. ह्या आक्षेपाला प्लेगाचा इतिहास साक्षी आहे, आणि म्हणून तो आम्हांस पहिल्याहून अधिक वजनदार वाटतो. ज्या दिवशीं लोकांस वाटेल कीं आपली नोंद आपल्याविरुद्ध वापरली जाईल, त्या दिवशीं रोगी पुन्हां माळ्यावर जातील, मग यंत्र कितीही शीघ्र असो. २०२० सालीं आपण १८९७ चाच कायदा पुन्हां हातीं घेतला. त्याबरोबर ती जुनी धास्तीही पेठापेठांतून परत आली, हें त्या दिवसांत ज्यांनीं सोलापूर पाहिलें त्यांस निराळें सांगावयास नको.

म्हणून आमच्या मतें सुधारणेची कसोटी साधी आहे. माहिती एकदांच लिहावी लागते काय? ती लिहिणाऱ्या परिचारिकेस व आशा सेविकेस तिच्यापासून आपल्या गांवाचें चित्र परत मिळतें काय? आणि जिच्या नांवानें ती लिहिली गेली तिला पुढच्या खेपेस तीच हकीकत पुन्हां सांगावी लागत नाहीं ना? क्षयरोग्यांच्या बाबतींत ह्याची थोडी सुरुवात झालेली आहे. निक्षयमध्यें नोंद असलेल्या रोग्याच्या खात्यांत २०१८ पासून पोषणासाठीं दरमहा ५०० रुपये आणि २०२४ च्या नोव्हेंबरपासून १००० रुपये जमा करण्याची योजना आहे. तेथें नोंद चुकली तर रोगी स्वतःच विचारावयास येतो. आणि ज्या नोंदीविषयीं विचारणारा कोणी आहे ती नोंद सहसा फार दिवस चुकीची राहत नाहीं.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस ह्यांचें नांव घेतलें कीं सोलापूरकरांची मान ताठ होते, आणि ती व्हावीही. १९३८ सालीं चीनमधील जखमींच्या सेवेस गेलेला हा पुत्र १९४२ सालीं तेथेंच निवर्तला; त्याचें स्मारक ह्या शहरानें उभारलें आहे. अशा धीरोदात्त सेवेचें मोल आपणांस चटकन कळतें. परंतु सार्वजनिक आरोग्य हें त्याहून पुष्कळ नीरस अशा कामावरही उभें असतें: वेळेवर दिलेल्या वर्दीवर, नीट लिहिलेल्या नांवावर, खरेपणानें भरलेल्या एका रकान्यावर. त्या कामाचें स्मारक होत नाहीं. तें कोणी वाचावें, एवढीच त्याची अपेक्षा असते. २०२० च्या त्या चाळीस माणसांचीं नांवें शेवटीं हिशेबांत आलीं. तीं वेळेवर आलीं असतीं तर कोणत्या पेठेंत काय घडलें असतें, हें आज सांगतां येणार नाहीं. पुढील साथीच्या वेळीं तरी हा प्रश्न उरूं नये, इतकी इच्छा प्रकट करून हा लेख पुरा करितों.